जाधवबाई आणि उंच हँडल

जाधवबाईंना मी मोटरसायकलवर पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या शाळेच्या फाटकात एका मुलाला त्याच्या सायलेन्सरवरून झापत होत्या. मुलगा आमच्याच ज्युनियर कॉलेजचा. त्याने बाइकला असा काही सायलेन्सर बसवून घेतला होता की तो हायवेवरून आत वळला की आमच्या स्टाफरूममधल्या बशा वाजायच्या. आवाज हे ताकदीचं लक्षण नसून सैल स्क्रूचं लक्षण असतं, असं बाई त्याला समजावत होत्या. मुलगा मान खाली घालून उभा होता, पण डोळे मात्र बाईंच्या गाडीवरून हलत नव्हते. कारण बाई ज्या गाडीवर बसून हा उपदेश करत होत्या ती त्याच्या गाडीच्या दुप्पट ताकदीची होती. लाल-काळी, पुढून टोकदार, मागची सीट कुणी शेपूट धरून उचलल्यासारखी वर. आणि तिच्यावर फिकट निळा पंजाबी ड्रेस, ओढणीची कमरेला गाठ, पाठीवर उत्तरपत्रिकांची सॅक आणि पन्नाशी ओलांडलेलं वय.

"बाई, ही गाडी तुमची?" त्याने शेवटी न राहवून विचारलंच.

"नाही, मुख्याध्यापकांची. मला धुवायला दिलीय," बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

आमचे मुख्याध्यापक रिक्षात बसले तरी पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवतात. त्यामुळे त्या मुलाला उत्तर मिळालं.

विक्रोळीच्या आमच्या शाळेत बाई गणित शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती, तेवढाच काय तो माझा अधिकार. मला सायकलखेरीज काहीही चालवता येत नाही, आणि सायकलही चढावर मीच तिला चालवत नेतो. तरीही पुढे जे घडलं त्यात मी जवळजवळ सगळीकडे हजर होतो. का, ते येईलच ओघात.

बाईंचा वर्ग म्हणजे शांततेचा कळस. फळ्याकडे तोंड करून त्या गणित मांडायला घेत, आणि ते मांडून होईपर्यंत मागे वळून बघत नसत. मधेच कुणी "बाई..." असं म्हटलं की पाठमोऱ्याच म्हणत, "शंका शेवटी." त्या शेवटाची शाळेतल्या पिढ्यांनी वाट पाहिली. तो काही आला नाही, कारण शेवटी घंटा व्हायची. शिक्षकांच्या सभेतसुद्धा तीच तऱ्हा. बाई वेळापत्रकाबद्दल बोलत असताना मुख्याध्यापकांनी तोंड उघडलं, तर त्यांनाही "शंका शेवटी, सर" असं ऐकावं लागे, आणि सर तोंड मिटत. पालकांची तर बिशादच नव्हती. बाईंचा निकाल दरवर्षी उत्तम लागायचा, त्यामुळे यात काही चुकतंय असं वाटण्याचं कुणाला कारणही नव्हतं.

बाईंचे वडील साताऱ्याकडचे, विक्रोळीच्या कारखान्यात कामाला आलेले. ते लवकर गेले. बाई थोरल्या, पाठचे दोघे भाऊ. त्यांची शिक्षणं, त्यांची लग्नं, आईचं आजारपण, सगळं बाईंनी निभावलं. बाईंचं लग्न राहून गेलं, असं लोक हळहळून म्हणायचे. "राहून जायला ती काय छत्री आहे?" एवढंच बाई म्हणायच्या, आणि हळहळणाऱ्याचं पुढचं वाक्य घशातच राहायचं.

धाकट्या भावाचं बस्तान बसलं त्या वर्षी त्यांनी ही गाडी घेतली. सगळ्यांनी सांगून पाहिलं की बाई, स्कूटी घ्या, तुमच्या वयाला शोभेल, पायाशी भाजीची पिशवी राहील, डिकीत पावसाळी कपडे राहतील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला एकदा टेबलावर डबा उघडता उघडता म्हणाल्या, "पाटकर सर, स्कूटीवर कुणाचं ना कुणाचं काहीतरी आणता येतं. मला अशी गाडी हवी होती, जिच्यावर कुणाचंच काही आणता येणार नाही."

खरोखरच येत नसे. त्या गाडीवर पिशवी अडकवायला हूक नव्हता, मागची सीट एवढीशी की एकदा बसलेला माणूस पुन्हा लिफ्ट मागत नसे. शाळा सुटल्यावर बाई पंधरा-वीस मिनिटं हायवेवर उगाच पुढे जाऊन मग भांडुपला घरी परतत. त्या वीस मिनिटांत त्यांचा फोन लागत नाही, अशी भावांची तक्रार होती.

आणि मग हात दुखायला लागले.

आधी आम्हाला कळलंच नाही. बाईंच्या हातून खडू पडायला लागला, तर मुलांना वाटलं बाई रागावल्यात. सकाळी शाळेत आल्या की त्या नळाखाली बराच वेळ मनगटं धरायच्या. मुलुंडच्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून सांगितलं आणि गाडी बंद करा म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. अशा गाड्यांची हँडलं खाली असतात, जवळजवळ टाकीच्या पातळीला. चालवणारा पुढे वाकतो आणि अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. वीस वर्षांच्या पोराला त्यात ऐट वाटते. बाईंना घरी पोचल्यावर दाराची कडी उघडता येत नसे.

भावाचा मुलगा सुजित हा या गाडीचा पहिल्यापासून भक्त. पोरगा तसा वाईट नाही, इंजिनीअर आहे, ठाण्याला नोकरीला. पण गाडीबद्दल बोलताना त्याच्या आवाजात एक वारसदाराची काळजी यायची. "आत्या, तू नुसतं सांग. मी येऊन घेऊन जाईन. गाडी तुझीच राहील गं, फक्त माझ्याकडे असेल."

सगळ्या घराचंच तेच म्हणणं पडलं. बाईंनी आयुष्यात सगळ्यांचं ऐकलेलं होतं, तेव्हा हेही ऐकणार असं सगळे धरून चालले. बाईंनी अट घातली, "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला बघू दे. तोवर चालवायला जमली नाही, तर घेऊन जा." सुजितने लगेच नवं हेल्मेट घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बाईंनी पट्टी उभी धरून मला समजावलं. हँडल खालून काढून वर, छातीच्या जवळ आणलं, की माणूस ताठ बसतो. ताठ बसला की भार सीटवर जातो, मनगटं मोकळी. असं उंच हँडल बाजारात मिळतं. आणि दुसरी गोष्ट, सायलेन्सर. भांडुपला त्यांची इमारत टेकडीच्या चढावर, पार्किंगमधून गाडी रोज ढकलत बाहेर काढावी लागे. कंपनीचा सायलेन्सर हा त्या गाडीवरचा एक मोठा बोजा होता. बाहेर मिळणारे त्याच्या निम्म्या वजनाचे असतात. तो बसवला की ढकलणं हलकं होईल.

हिशेब चोख होता. पण स्टाफरूमभर पसरेपर्यंत बातमीचं रूप बदललं. जाधवबाई गाडीला फटाका सायलेन्सर बसवतायत, एवढंच राहिलं. ज्यांनी वर्षानुवर्षं फाटकात उभं राहून पोरांच्या सायलेन्सरना शिव्या घातल्या त्या बाई! चित्रकलेचे सर दोन दिवस मधेच तोंडाने ढर्र असा आवाज काढून हसत होते. बाई समोर आल्या की खोकत.

"पाटकर सर, रविवारी अंधेरीला यायचंय," बाई मला म्हणाल्या. "तुम्हाला काहीही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

त्याचं झालं होतं असं की बाई आधी एकट्या तिथल्या सायलेन्सरच्या दुकानात जाऊन आल्या होत्या, आणि दुकानदाराने त्यांना घरच्या माणसाला पाठवायला सांगितलं होतं. म्हणून माझी घरचा माणूस म्हणून नेमणूक झाली. एरवी मला घरातही फारसं कुणी त्या पदावर धरत नाही.

दुकान म्हणजे एक बोळ होता, आणि दोन्ही भिंतींवर छतापर्यंत सायलेन्सर लटकत होते. मालक तरुण, दंडावर वाघ गोंदवलेला. तो थेट माझ्याकडे आला.

"बोलो सर, कौनसी गाडी है आपकी?"

मी म्हटलं, गाडी मॅडमची आहे.

"अच्छा, मॅडम को गिफ्ट! मस्त!" त्याने मोबाइल काढला आणि माझ्या कानाशी धरला. त्यातून एक भयंकर गर्जना आली. "सुनो सर. ये लगाओ, पूरी बिल्डिंग खिडकी में आएगी."

"आवाज नको," मधे बाई म्हणाल्या. "वजन सांगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सायलेन्सरचं वजन विचारणारं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसावं. बाईंनी पिशवीतून प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला, आणि भिंतीवरचे सायलेन्सर एकामागून एक खाली उतरवायला लावून त्याला लटकवून पाहिले. दुकानात आलेली दोन पोरं आपलं काम विसरून बघत राहिली. शेवटी एक पसंत पडला. मालकाचा जीव भांड्यात पडला आणि तो उदार झाला. सायलेन्सरच्या तोंडाशी आवाज दाबणारी एक नळी असते, ती फुकटात काढून देतो म्हणाला. सगळे काढूनच नेतात.

"तिला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "नळी आहे म्हणून तर घेतेय."

बिल करताना तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आप घर पे संभालते कैसे हो?"

"ते मराठी शिकवतात," बाईंनी तिकडूनच सांगितलं. त्याला यातून काय बोध झाला कोण जाणे, पण त्याने मला पाणी दिलं.

हँडल आणि सायलेन्सर बसवायचं काम नितीन घाडीकडे. त्याचं गॅरेज भांडुपला, बाईंच्या चढाच्या पायथ्याशी. घाडी बाईंचा जुना विद्यार्थी. मूळचा कुडाळकडचा, आता पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, आवाज असा की रस्त्यापलीकडचा पानवाला दचकावा. पण बाई शटरखालून आत शिरल्या आणि त्याने हातातली विडी चक्क खिशात घातली. पेटलेली. मग बराच वेळ तो खिसा चोळत होता.

बाईंनी आलेखाच्या कागदावर काढून आणलेली आकृती गाडीच्या सीटवर ठेवली, स्टूल ओढून बसल्या आणि शिकवायला लागल्या. घाडीने काय आधी खोलायचं, काय नंतर, कुठला बोल्ट किती आवळायचा, सगळं. घाडी "हो बाई, हो बाई" करत काम करत होता. हात त्याचे सुंदर चालायचे, हे मलाही कळत होतं. सायलेन्सर चटकन बसला. जुनं हँडल निघालं, नवं उंच हँडल वर चढलं, त्याच्यावर ब्रेकचा, क्लचचा दांडा आला, रेसची मूठ आली. तारा सगळ्या जिथल्या तिथे लागल्या. मग घाडी थांबला. रेसच्या मुठीतून इंजिनाकडे जाणारी केबल त्याने दोन बोटांत धरली, जरा ओढून पाहिली, आणि म्हणाला, "बाई..."

"शंका शेवटी, घाडी."

घाडीचा हात वर गेला. पाना हातात तसाच, कोपर कानाशी, अगदी वर्गातल्यासारखा. बाई आकृतीत बघत होत्या. थोड्या वेळाने तो हात आपोआप खाली आला. मला वाटलं, तो घाम पुसतोय.

काम झाल्यावर बाई गाडीवर बसल्या. पाठ सरळ. दोन्ही हात नव्या हँडलवर ठेवले. नुसत्या बसून राहिल्या. मग मनगटं जरा फिरवून पाहिली, आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्या, "दुखत नाही."

मी इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलो, पण त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं. घाडीने तोंड उघडलं होतं, ते त्याने बाईंकडे पाहून मिटलं. बाई गाडी सुरू करून समोरच्या सरळ चढाने घरी गेल्यादेखील.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे चहाला बोलावणं होतं. सुजित आला होता, बगलेत नवं हेल्मेट घेऊन. दिवाळी तोंडावर आली होती, तेव्हा तो निकालच ऐकायला आला होता म्हणा ना. इमारतीचे सेक्रेटरीही खाली हजर होते. सायलेन्सरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि ते तक्रारीच्या पूर्ण तयारीने आले होते. बाईंनी गाडी सुरू केली. आवाज असा मऊ की सेक्रेटरींनी कान पुढे केला. त्यांची फारच निराशा झाली.

"बघ," बाई सुजितला म्हणाल्या. ताठ बसलेल्या, खुशीत. "आता हा एक वळसा घेते, मग तू चहा पी आणि घरी जा."

त्या पार्किंगमध्ये वळायला जागा थोडी. हँडल पार एका बाजूला टेकेपर्यंत वळवावं लागतं. बाईंनी ते वळवलं, आणि गाडी ओरडली. कुणी रेस दिली नव्हती, बाईंची मूठ जागची हललीही नव्हती, तरी इंजिन एकदम किंचाळलं आणि गाडीने उडी घेतली. सेक्रेटरींच्या क्रोटनच्या कुंड्यांमध्ये घुसून ती आडवी झाली.

बाईंनी पाय वेळेवर काढला होता. मनगट मात्र खाली आलं. सुजितने धावत जाऊन गाडी बंद केली, बाईंना उठवून पायरीवर बसवलं, हात तपासला. मोडलं नव्हतं, पण सुजायला लागलं होतं. मग त्याने चावी काढली आणि आपल्या खिशात ठेवली.

"आत्या, बास झालं आता," तो म्हणाला. रागाने नव्हे, घाबरून.

बाई कुंड्यांकडे बघत होत्या. नवा सायलेन्सर एका बाजूने खरवडला होता. बाईंनी आयुष्यात कधी कुणापुढे हार मानलेली मी पाहिली नव्हती, ती त्या पायरीवर पाहिली. म्हणाल्या, "घेऊन जा."

सेक्रेटरीसुद्धा कुंड्यांचं काही बोलले नाहीत.

मी घाडीला फोन केला होता. तो चढ पळत आला, धापा टाकत. गाडीकडे त्याने बघितलंच नाही. बाईंसमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून घरची भाषा आली.

"बाई, लागला काय? माका म्हायत होता, बाई. माका काल दिसला होता."

"काय दिसलं होतं?"

"केबल आखूड पडते. हँडल वर गेलं, केबल तीच जुनी. सरळ असली तर चालते. पुरं वळवलं की ताणते, मग रेस आपोआप उघडते."

"मग बोलला का नाहीस?"

घाडीने आपल्या चपलांकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात, शंका शेवटी."

"अरे, मग शेवटी तरी विचारायचंस!"

"शेवटी तुम्ही खूश होतात, बाई."

वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. बाई घाडीकडे बघत राहिल्या. मग वेगळ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "घाडी, वर्गातसुद्धा असंच व्हायचं?"

"हो."

"तुझं एकट्याचं?"

घाडी सरळ माणूस. त्याला या वेळी खोटं बोलावं हेही सुचलं नाही. "नाय बाई, पुष्कळ जणांचं. मला त्रिकोणमिती अजून येत नाही."

बाईंना हसू आलं. हसता हसता डोळे भरले, आणि ते पुसायला दुखरा हात वर गेला म्हणून त्या कळवळल्या. सुजितने पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर बाई पायरीवर जरा बाजूला सरकल्या. "बस इथे," घाडीला म्हणाल्या. "आता सगळं सांग. मी मधे बोलणार नाही."

आणि खरंच बोलल्या नाहीत. घाडी त्यांच्या शेजारी अवघडून बसला आणि सांगू लागला. दुसऱ्या एका मॉडेलची लांब केबल येते, ती बसेल. ब्रेकची नळीपण लांब लागेल, तीही काल ताणलेली त्याला दिसली होती. टाकीच्या बाजूने हँडलला अडवणारा एक तुकडा लावला तर बोटं चेपणार नाहीत. हे सगळं त्याला कालच सांगायचं होतं. बोलता बोलता त्याचा आवाज मोठा झाला, हात हलायला लागले, आणि एकदा तर त्याने बाईंना "ऐका हो!" असंही म्हटलं. बाईंनी ऐकलं.

त्याचं संपल्यावर त्यांनी सुजितपुढे हात केला. "चावी."

"आत्या, तू आत्ताच म्हणालीस, घेऊन जा."

"म्हणाले. चुकलं माझं. दे."

सुजितने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा नुसता उभा होतो, एव्हाना मला ते काम छान जमू लागलं होतं. त्याने खिशातून चावी काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. पुढे त्या पोराने स्वतःची गाडी घेतली. तिचा आवाज विचारू नका.

सूज उतरायला दिवाळीची सगळी सुट्टी गेली. तोवर घाडीने लांब केबल घातली, नळी बदलली, आणि गाडी देताना इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत बाईंकडून वळवून घेतलं. "तुम्हीच बघा," म्हणाला. गाडी शांत राहिली.

त्यानंतर एकदा घाटकोपरला एका ट्रॅफिक हवालदाराने बाईंना अडवलं. बाहेरचा सायलेन्सर दिसला की ते थांबवतातच. "आवाजाची गाडी आहे मॅडम, कारवाई होईल," तो म्हणाला.

"मोजा," बाई म्हणाल्या.

"मशीन चौकीत आहे."

"मग चौकीत जाऊ. मला घाई नाही. चला, बसा मागे."

हवालदाराने त्या एवढ्याशा मागच्या सीटकडे एकवार बघितलं. "जावा मॅडम तुम्ही," तो म्हणाला. हे बाईंनी आम्हाला सांगितलं तेव्हा चित्रकलेचे सरच सगळ्यांत मोठ्याने हसले.

वर्गातही फरक पडला, पण बाईंना हवा तसा नाही. आता त्या गणित अर्ध्यावर आलं की थांबायच्या, वळायच्या आणि म्हणायच्या, "विचारा." वर्ग भेदरून बसायचा. यात काहीतरी डाव आहे अशी मुलांची खात्री होती. बाई वाट बघत उभ्या, मुलं बाकात रुतलेली, असा कितीतरी वेळ जायचा. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असायचो, मला भिंतीपलीकडची ती शांतता ऐकू यायची आणि बाईंची दया यायची. मग एके दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की बाई, हा क्ष दरवेळी वेगळा का असतो? बाई स्टाफरूममध्ये आल्या त्या जणू बक्षीस मिळाल्यासारख्या. कधी साखर न घेणाऱ्या बाईंनी त्या दिवशी चहात साखर घातली.

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि मुख्याध्यापकांचं भाषण झालं. बाईंनी आता निवांत आराम करावा, अशी त्यांनी इच्छा व्यक्त केली. समारंभ संपल्यावर मी बाईंबरोबर खाली आलो. नारळ आणि शाल त्यांनी माझ्या हातात दिली, कारण गाडीवर ती ठेवायला जागा नव्हती. मी विचारलं, हात कसे आहेत?

"बोटं आता रोज मिटत नाहीत, सर," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय, हे वाढतच जाणार. हँडल हा काही इलाज नव्हता. मुदतवाढ होती." बोलताना तक्रार नव्हती, पण त्यांनी ते हसण्यावारीही नेलं नाही. मी शाल या हातातून त्या हातात घेत राहिलो.

त्यानंतर त्यांना पाहिलं ते एकदाच. मागच्या थंडीत, कामाच्या दिवशी, भर दुपारी. मी रिक्षाने घाटकोपरला दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो आणि विक्रोळीला सिग्नलला रिक्षा थांबली. शेजारी येऊन एक लाल-काळी गाडी उभी राहिली. वर माणूस ताठ बसलेला, मनगटांवर जाड पट्टे बांधलेले.

"बाई!" मी रिक्षातून बाहेर डोकावून ओरडलो.

त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने हेल्मेटची काच वर ढकलली. थकल्या होत्या, केस सगळे पांढरे झाले होते. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला.

"कुठे निघालात एवढ्या उन्हाच्या?" मी विचारलं. मला वाटलं, डॉक्टर असतील, नाहीतर बँक, नाहीतर भावाकडे काही असेल.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "आज बोटं मिटतायत."

सिग्नल सुटला. त्यांनी काच खाली केली, क्लच दाबला, आणि माझ्या रिक्षावाल्याने गिअर टाकेपर्यंत त्या समोरच्या पुलावर चढल्यासुद्धा होत्या.